ताईचं ‘चालेल’

घरात सगळ्यांत लहान म्हणून त्याला धाकटा म्हणायला लागले, ते बासष्टाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. डोक्यावरचे केस गेले, पुढचे दोन दात गेले, हाताखाली शिकलेल्यांनी स्वतःची दुकानं थाटली, तरी हा आपला धाकटाच. बाहेर मात्र त्याला सायलेन्सरवाला म्हणत. चाळीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. मोटरसायकल असो, पाण्याचा पंप असो की बर्फाच्या कारखान्यातला जनरेटर, इंजिन जिथून धूर सोडतं तिथे धाकट्याचा हात लागलेला असायचा. लोक म्हणत, हा माणूस इंजिन बघत नाही, ऐकतो. धाकटा ते कानाआड केल्यासारखं दाखवायचा, पण त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचा.

त्याचं कौतुक न करणारं माणूस एकच होतं, त्याची ताई. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. एका निवासी शाळेच्या मैदानावर तिने अठ्ठावीस वर्षं गवत कापायचा ट्रॅक्टर चालवला. ट्रॅक्टर म्हणजे शेतातलं धूड नव्हे. हा बागेतला, कमरेइतका उंच, एका सिलिंडरचा, पोटाखाली फिरती पाती असलेला. त्यावर बसलं की ताईचे गुडघे हनुवटीला लागायचे. पण तिला हसायची कोणाची छाती नव्हती. मुलं तिला हवालदार म्हणायची, आणि मुख्याध्यापकसुद्धा मैदान ओलांडण्याआधी एकदा तिच्या तोंडाकडे बघून घ्यायचे.

ताईने आयुष्यात कशालाही छान म्हटलं नाही. तिच्याजवळ दोनच शेरे होते, ‘नाही चालणार’ आणि ‘चालेल’. धाकट्याने तिच्या घराला लोखंडी फाटक करून दिलं, दीड महिना खपून, वर वेलीची नक्षी काढून. ताईने ते दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि म्हणाली, “चालेल.” लग्नाआधी धाकट्याने होणाऱ्या बायकोला तिच्याकडे चहाला नेलं होतं. ती गेल्यावर ताई कप विसळत म्हणाली, “चालेल.” हे बायकोच्या कानावर गेलं, आणि चौतीस वर्षं झाली, ती अजून ते ऐकवते. पण धाकट्याला ठाऊक होतं की ताईचं चालेल फुकट पडत नाही. ते फाटक आजही कुरकुरत नव्हतं, आणि बायकोबद्दलही त्याची काही तक्रार नव्हती.

शाळेने नवं यंत्र घेतलं तेव्हा जुना ट्रॅक्टर भंगारात निघाला. ताईने निवृत्त होताना तो मागून घेतला आणि घराच्या अंगणात पत्र्याखाली उभा केला. “धाकट्या, याचं जरा बघ,” ती म्हणाली. “बघतो ना, पुढच्या महिन्यात,” धाकटा म्हणाला. असे पुढचे महिने अकरा वर्षं येत राहिले. उंदरांनी सीटखाली संसार मांडला, टायर जमिनीला चिकटले. ताईने मग विचारणं सोडून दिलं, आणि धाकट्याला त्याचं बरंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग ताईचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. आता घरीच ठेवा, म्हणाले. किती दिवस ते कोणी सांगितलं नाही, पण ताईच्या मुलीने, धाकट्याच्या भाचीने, कचेरीत दोन महिन्यांची रजा टाकली, त्यावरून ज्याला समजायचं ते समजलं.

धाकटा भेटायला गेला तेव्हा ताई खालच्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीशी पलंगावर होती. उठून बसणं बंद झालं होतं. जीभ मात्र शाबूत होती.

“रडायला आला असशील तर बाहेर जाऊन रड,” ती म्हणाली. “काम असेल तर बस.”

“काय काम?”

“माझा ट्रॅक्टर. रंगाच्या भानगडीत पडू नकोस, मला इथून दिसणार नाही. मला आवाज पाहिजे. आणि पाइप उभा कर. अठ्ठावीस वर्षं शाळेला सांगत होते, हा पाइप माझा घोटा भाजतो, वर घ्या. कोणी ऐकलं नाही. आता ही चालवेल, हिचा भाजायला नको.” तिने हनुवटीने भाचीकडे दाखवलं. भाचीने सायकलखेरीज आयुष्यात काही चालवलं नव्हतं.

“पाइप वर घेतला की आवाज बदलतो, ताई.”

“मग बदलणार नाही असा घे. नुसता सायलेन्सरवाला म्हणवून घेतोस का? हळू चालताना दर पाच-सहा ठोक्यांनी त्याला एक ठसका यायचा, घशात कण अडकल्यासारखा. तो ठसका गेला तर तो माझा ट्रॅक्टर नाही. सांगून ठेवते.”

धाकट्याने दुसऱ्याच दिवशी टेम्पो आणून ट्रॅक्टर दुकानात नेला. नवं काम घेणं बंद केलं. अकरा वर्षांची टाळाटाळ त्याला पाच आठवड्यांत फेडायची होती, आणि मधल्या काळात ताई जगली पाहिजे होती. त्याची धडपड फक्त एवढ्यासाठी होती की ताईने तो आवाज ऐकावा आणि तिच्या त्या खडूस आवाजात चालेल म्हणावं. मग पुढे जे व्हायचं ते होऊ दे.

इंजिन त्याने उघडलं, अडकलेला पिस्टन तेल पाजून सोडवला, कार्बोरेटर उकळून काढला. असली कामं कोणीही करतं. खरी गोम सायलेन्सरची होती. जुन्या सायलेन्सरला हात लावला तर तो गंजाच्या भुग्यासारखा हातात आला. नुसता पाइप ठेवला तर गोळ्या झाडल्यासारखा आवाज, मोटरसायकलचा डबा बसवला तर गळा दाबल्यासारखा. तेव्हा धाकट्याने सगळंच स्वतःच्या हाताने करायचं ठरवलं. बाहेर पत्र्याचा डबा, आत आवाज अडवायला पत्र्याचे दोन पडदे, मधून भोकाभोकांची नळी, आणि डब्यातून निघून बॉनेटच्या कडेने सरळ वर गेलेला उभा पाइप. पाइपची लांबी तो वितेने मोजायचा. बोटभर कापायचा, इंजिन सुरू करायचा, डोळे मिटायचा, ऐकायचा, बंद करायचा, पुन्हा बोटभर कापायचा. तीन पाइप असे वाया गेले. चौथ्याला ठसका सापडला. ढग ढग ढग ढग ढग, आणि मध्ये एक अडखळ. धाकटा स्टूलवर बसला आणि त्याने फडक्याने डोळे पुसले. फडकं तेलाचं होतं, त्यामुळे डोळे अर्धा तास चुरचुरत राहिले.

एक गोष्ट त्याच्या लक्षात यायला हवी होती. दुकानाच्या दारात गल्लीतलं एक पांढरं कुत्रं झोपायचं. ग्राइंडरच्या ठिणग्या अंगावर उडाल्या तरी ते कूस बदलायचं नाही. पण ट्रॅक्टर सुरू झाला की ते उठायचं आणि पार समोरच्या भिंतीशी जाऊन बसायचं. धाकटा म्हणायचा, म्हातारं झालं बिचारं, धूर सहन होत नाही त्याला.

पाचव्या आठवड्यात ट्रॅक्टर ताईच्या अंगणात उतरला. नको म्हटलं होतं तरी धाकट्याने त्याला जुना हिरवा रंग दिलाच होता. खिडकी उघडी होती. त्याने दोरी ओढली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. पाच मिनिटं तो नुसता उभा राहिला. भाची दाराशी आली होती, तिने डोळे बारीक केले होते. ऊन आहे, धाकट्याला वाटलं.

इंजिन बंद करून तो आत गेला. ताई बरीच वाळली होती. पांघरुणाखाली माणूस आहे की नाही अशी शंका यावी इतकी.

“काय मग?” त्याने विचारलं.

“छान झालंय रे,” ताई म्हणाली.

धाकटा हवेत तरंगत घरी आला. जेवायला बसला तो थांबेचना. बायको वाढत होती.

“एवढी काय भूक आज?”

“ताई छान म्हणाली. मला. छान झालंय, म्हणाली.”

बायकोचा हात मध्येच थांबला. “वन्सं? छान म्हणाल्या?”

“तर काय सांगतोय मी.”

“मला बघून चालेल म्हणाल्या होत्या,” बायको सावकाश म्हणाली, “आणि त्या पत्र्याच्या डब्याला छान?”

ती थट्टेनेच बोलली होती, पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. धाकट्याचा घास तोंडातच राहिला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. चौतीस वर्षांत माणसाला एवढं तर कळतंच.

“काय आहे? बोल.”

“शिट्टी वाजते त्यात.”

“कसली शिट्टी?”

“बारीक. कानात सुई घातल्यासारखी. इंजिन चालू असेपर्यंत सतत. गल्लीत सगळ्यांना ऐकू येते. शेजारीण दुपारी खिडक्या लावून बसते.”

“आणि तू पाच आठवडे मूग गिळून बसलीस?”

“मागे मी म्हटलं होतं, दाराची घंटा तुम्हाला ऐकू येत नाही, कान दाखवून घ्या. तेव्हा तीन दिवस बोलला नाहीत माझ्याशी.” तिने भांडं खाली ठेवलं. “म्हटलं, वन्संसाठी चाललंय, करू दे. त्याच सांगतील. त्या काय कोणाला सोडतात थोड्याच.”

पण ताईने सोडलं होतं. धाकटा ताटावरून उठला, हात धुतले आणि नळाशी बराच वेळ उभा राहिला. नळ ठिबकत होता, हे त्याला थेंब पडताना दिसलं म्हणून कळलं. चाळीस वर्षं पत्रा ठोकला, ग्राइंडर चालवला, उघड्या इंजिनांना कान लावले. इंजिनाचा जाड ठोका त्याला छातीतून ऐकू यायचा, तेवढ्यावर तो आपण ऐकतोय असं समजून चालला होता. बारीक आवाज एकेक करून केव्हा निघून गेले, त्याला पत्ताच लागला नव्हता.

शिट्टी कशाने वाजत असणार हे मात्र त्याला तिथेच, नळाशी उभ्या उभ्या समजलं. ड्रिलने भोक पाडलं की पत्र्याच्या पलीकडच्या अंगाला बारीक धारदार कड उभी राहते. तिला बर म्हणतात. नळीच्या आत बर राहिली की धूर तिच्यावर घासून शिट्टी वाजवतो. हाताखालच्या किती पोरांना त्याने यावरून फैलावर घेतलं असेल. ‘आधी बर काढ, मग नळी वळव’, हे वाक्य तर त्याच्या तोंडावर दुकानाच्या पाटीसारखं लिहिलेलं होतं. या वेळीही त्याने कानस फिरवली होती, आतून बोट फिरवून पाहिलं होतं. बोटाला गुळगुळीत लागलं म्हणून त्याने नळी वळवून डबा बंद केला, आणि इंजिन लावल्यावर कानाला शिट्टी आली नाही. पण चाळीस वर्षं तापलेलं लोखंड हाताळून त्याची बोटंही कानांइतकीच गेली होती.

सकाळी टेम्पोने ट्रॅक्टर परत आणला. धाकट्याने डबा कापून उघडला आणि बायकोला दुकानात बोलावलं. ती पदर खोचून आली.

“आत बोट घाल. सांभाळून.”

तिने करंगळी नळीत घातली, जराशी फिरवली आणि झटकन बाहेर काढली. रक्ताचा बारीक थेंब आला होता. धाकट्याने तो पाहिला, मग स्वतःची करंगळी त्याच जागी घालून पुरती फिरवली. त्याला गुळगुळीतच लागलं.

ती नळी त्याने टाकून दिली. नवी केली, प्रत्येक भोक मोठ्या ड्रिलने आतून चाटून घेतलं, आणि नळी वळवण्याआधी बायकोने पत्र्यावर तळहात फिरवून हो म्हटलं तरच पुढे गेला. पडदे पुन्हा बसवले. पाइपची लांबी पुन्हा जमवावी लागली. या सगळ्यात आठ दिवस गेले. भाचीचा रोज फोन यायचा. आज दोन चमचे सूप घेतलं. आज नाही घेतलं. आज इंजेक्शनवाली नर्स दोनदा आली.

नवव्या दिवशी इंजिन सुरू झालं तेव्हा बायको दारात उभी होती. धाकट्याने इंजिनाकडे बघितलंच नाही, तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

“गेली,” ती म्हणाली. “नाही वाजत आता.”

पांढरं कुत्रं दारातच पडून होतं. त्याने एक कान हलवला आणि पुन्हा झोपलं. धाकट्याला तेवढ्यानेही बरं वाटलं. पण लगेच मनात आलं की शिट्टी नाही एवढंच यांना सांगता येतं. हा तोच आवाज आहे का, हे ना बायको सांगू शकत होती ना कुत्रं. शाळेचं मैदान दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. भाची पाच वर्षांची असताना आईचा डबा घेऊन जायची, तेवढंच, तिला काय आठवणार. आणि ज्याच्या कानावर आजवर सगळ्यांनी भरवसा टाकला त्या धाकट्याला तर पहिला सायलेन्सर आणि दुसरा सायलेन्सर यांतला फरकही ऐकू आला नव्हता. त्याला दोन्ही सारखेच वाटले होते. तो ठसका सापडला म्हणून डोळे पुसले होते, तो तरी खरा सापडला होता की त्याला सापडायला हवा होता म्हणून सापडला, कोण जाणे.

जगात एकच माणूस सांगू शकत होतं.

दुपारी ट्रॅक्टर पुन्हा अंगणात उतरला. पुन्हा खिडकी, पुन्हा दोरी, पुन्हा पाच मिनिटं. धाकटा आत गेला आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसला.

“ताई, ऐकलंस?”

“हो.”

“मागच्या वेळी शिट्टी वाजत होती. तू बोलली नाहीस.”

ताईने डोळे उघडले. ती त्याच्याकडेच बघत होती. ओळखत होती, नाही असं नव्हतं.

“छान आहे रे,” ती म्हणाली.

“छान नको ताई. खरं सांग. ठसका बरोबर आहे का? लवकर येतोय का? पाइप अजून कापू का? शिव्या घाल, पण सांग.”

“तू जेवलास का?”

“माझं सोड. आवाज कसा आहे ते सांग.”

“छान आहे,” ताई म्हणाली आणि तिचे डोळे मिटले.

भाचीने त्याला खुणेने बाहेर बोलावलं. स्वयंपाकघरात ओट्यावर औषधांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघतच बोलली.

“मामा, आई हल्ली सगळ्यालाच छान म्हणते. परवा नर्सने चुकून दोनदा टोचलं, तिलाही छान म्हणाली. काल मी सूप करपवलं. मुद्दाम तसंच नेलं, म्हटलं ओरडेल तरी. छान झालंय, म्हणाली, आणि माझ्या हातावरून हात फिरवला.” तिचा आवाज बारीक झाला. धाकट्याला शेवटचे शब्द ऐकू आले नाहीत, पण तिचे ओठ हलताना दिसले.

कोणी दुसरं असतं तर इथे थांबलं असतं. धाकटा ताईचाच भाऊ होता. तो अंगणात गेला, टेम्पोतून पाना आणला आणि सायलेन्सरचे चारही बोल्ट सोडले. इंजिन ताजंच बंद केलेलं, डबा तापलेला होता. त्याने तो तसाच हातांनी उचलून बाजूला ठेवला. इंजिनाच्या तोंडाशी आता काहीच उरलं नव्हतं, नुसतं उघडं भोक. हे कोणी त्याच्या दुकानात केलं असतं तर त्याने त्याला हाकलून दिलं असतं. त्याने ट्रॅक्टर ढकलत खिडकीच्या अगदी खाली आणला, भोक खिडकीकडे केलं आणि दोरी ओढली.

तो आवाज धाकट्यालासुद्धा ऐकू आला. खिडकीची तावदानं खडखडली, पत्र्यावरचे पक्षी उडाले. पलीकडच्या घरातला माणूस बनियनवर बाहेर आला आणि हातवारे करून काहीतरी ओरडू लागला. समोरची बाई बाळाला छातीशी धरून फाटकाशी उभी राहिली. भाची दारात आली, दोन्ही कानांवर हात ठेवून. तिने त्याला बंद करा म्हटलं नाही. ती मागे वळून आईच्या खोलीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं तेच धाकट्याच्या पोटात होतं. आता ओरडेल. आता म्हणेल, धाकट्या, अक्कल गहाण टाकलीस का, नाही चालणार, बंद कर ते.

इंजिन चालूच ठेवून तो आत गेला. खोलीत धूर आला होता. पाण्याचा पेला टेबलावर हलत हलत कडेला आला होता, तो त्याने आत सरकवला. ताई छताकडे बघत होती. तो तिच्या तोंडाशी वाकला, कारण त्याला त्याशिवाय ऐकू आलं नसतं.

“ताई,” तो ओरडला, “हा आवाज चालेल का?”

ताईने मान वळवली. पांघरुणाखालून हात काढायला तिला वेळ लागला. तिने तो त्याच्या भाजलेल्या हातावर ठेवला.

“छान झालंय, धाकट्या,” ती म्हणाली. “दमला असशील. जेवून घे.”

 धाकट्याने तिचा हात पांघरुणात घातला, खिडकी लावली आणि अंगणात जाऊन इंजिन बंद केलं.